संगीतोपचाराच्या अभ्यासासाठी असुरक्षित शालेय विद्यार्थ्यांची निवड : संमती, अनुमती आणि नकाराचा अधिकार
(बाभुळगाव तालुक्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

संगीताचा मानसिक स्वास्थ्यावर होणारा परिणाम हा अलीकडे संगीत, मानसशास्त्र, समाजकार्य व शिक्षणशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांना आकर्षित करणारा विषय आहे. अशा अभ्यासासाठी शालेय विद्यार्थी सहज उपलब्ध होतात. मात्र ज्या विद्यार्थ्यांना संगीतोपचाराची अधिक गरज असण्याचा संभव आहे, तेच विद्यार्थी संशोधकाला 'नाही' म्हणण्याच्या बाबतीत सर्वात दुबळे असतात. प्रस्तुत लेखात असुरक्षितता या संकल्पनेचे स्वरूप, भारतातील नैतिक व कायदेशीर चौकट, शाळेमार्फत झालेल्या निवडीचा एक बोधप्रद पूर्वानुभव आणि बाभुळगावसारख्या ग्रामीण तालुक्यात निवड प्रक्रिया कशी आखावी याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : संगीतोपचार, असुरक्षित विद्यार्थी, पालकांची संमती, बालकाची अनुमती, संशोधननीती.

१. प्रस्तावना

बाभुळगाव हा यवतमाळ जिल्ह्यातील १६ तालुक्यांपैकी एक तालुका होय. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथील प्रमुख पिके. बेंबळा प्रकल्पाचा हा परिसर असला तरी शेतीचा मोठा भाग आजही पावसाच्या भरवशावर आहे. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेली अनेक वर्षे देशभर चर्चेत राहिले. २०१७ मध्ये कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने याच जिल्ह्यात शेतकरी व शेतमजुरांचे बळी घेतले. या घटनांची नोंद मृत व्यक्तीच्या नावे होते. त्या घरातील मूल मात्र दुसऱ्या आठवड्यात पुन्हा शाळेच्या बाकावर येऊन बसते आणि त्याच्या मनाची नोंद कोठेही होत नाही.

अशा मुलांसाठी संगीताचा उपयोग करता येईल काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचा अभ्यास होणे इष्टही आहे. वऱ्हाडाला गाण्याची वाण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांच्या खंजिरी भजनाची परंपरा, गावोगावची भजनी मंडळे, भीमगीते, बंजारा समाजाची लेंगी गीते, कोलाम व गोंड समाजाचे ढेमसा नृत्य ही येथील जिवंत संपत्ती आहे. परंतु अभ्यासाची उपयुक्तता सिद्ध करण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो. अभ्यासात मुले येणार कोठून, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या संमतीने? या लेखाचा विषय तेवढाच आहे.

२. संगीतोपचार : संकल्पना आणि पुराव्याची मर्यादा

संगीत शिकविणे, संगीत ऐकविणे आणि संगीतोपचार या तीन भिन्न गोष्टी आहेत. प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकावर रागसंगीत लावणे हा उपक्रम चांगला असू शकतो, परंतु त्यास संगीतोपचार म्हणता येत नाही. संगीतोपचारात प्रशिक्षित उपचारक, निश्चित उद्दिष्ट, नियमित सत्रे आणि उपचारक व सहभागी यांच्यातील नाते अभिप्रेत असते. अमेरिकेत १९५० मध्ये संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व तेव्हापासून हे क्षेत्र स्वतंत्र व्यवसाय म्हणून विकसित होत गेले.

परिणामांबाबतचे पुरावे संमिश्र आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये सामाजिक, भावनिक व वर्तनविषयक अडचणी असलेल्या ८ ते १६ वर्षे वयाच्या २५१ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण गटाचा विचार करता संवादकौशल्यात लक्षणीय फरक आढळला नाही. १३ वर्षे व त्यावरील मुलांत मात्र सुधारणा दिसली. आत्मसन्मान वाढल्याचे व नैराश्य घटल्याचेही आढळले, परंतु तो परिणाम पुढे टिकला नाही. त्याच वर्षी स्वमग्न मुलांवरील नऊ देशांतील ३६४ बालकांच्या अभ्यासात लक्षणांच्या तीव्रतेत उल्लेखनीय फरक आढळून आला नाही.

या निष्कर्षांचा निवडीशी थेट संबंध आहे. 'या उपचाराने तुमचे मूल बरे होईल' असे पालकांना सांगण्याचा अधिकार आज कोणत्याही संशोधकास नाही. 'उपयोग होतो की नाही हे आम्हांला पाहावयाचे आहे' एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. आयर्लंडच्या अभ्यासातील आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. तेथील मुले बालमानसोपचार सेवेच्या माध्यमातून निवडली गेली होती, म्हणजे त्यांच्या पाठीशी उपचाराची व्यवस्था आधीपासूनच उभी होती. आपल्याकडे निवड शाळेतून होते आणि त्या मुलांच्या पाठीशी बहुधा अशी कोणतीही व्यवस्था नसते.

३. असुरक्षित कोणास म्हणावे?

असुरक्षितता हा मुलाच्या अंगी असलेला दोष नसून ती त्याची परिस्थिती आहे. ज्याला स्वतःच्या हिताचे रक्षण करणे कठीण जाते आणि ज्याचा होकार भीती, अवलंबित्व वा आशेपोटी सहज मिळविता येतो, ती व्यक्ती संशोधनाच्या दृष्टीने असुरक्षित होय. वयामुळे सर्वच शालेय विद्यार्थी या व्याख्येत येतात. ग्रामीण शाळेत त्यावर आणखी थर चढतात. वडिलांचे निधन झालेले मूल, हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांचे मूल, आश्रमशाळेत वा वसतिगृहात राहणारे मूल, दिव्यांग मूल आणि ज्याच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे असे मूल यांची अडचण एकसारखी नसते. आश्रमशाळेतील मुलाजवळ पालक नसतात. दिव्यांग मुलापर्यंत माहिती त्याला समजेल अशा रूपात पोहोचत नाही. कोलामी, गोंडी वा बंजारा बोली बोलणाऱ्या पालकांना छापील मराठी पत्रक वाचता येईलच असे नाही.

शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या बाबतीत एक वेगळीच गुंतागुंत आहे. अशा कुटुंबास शासनाकडून १ लाख रुपयांचे साहाय्य देण्याची योजना असून त्यासाठी प्रत्येक प्रकरण चौकशीअंती 'पात्र' वा 'अपात्र' ठरविले जाते. या घरांना घरातील माणसाच्या मृत्यूनंतर अर्ज, पंचनामा, कागदपत्रे आणि स्वाक्षऱ्या यांचा दीर्घ अनुभव आलेला असतो. त्यामुळे कोणी शिक्षित व्यक्ती कागद घेऊन दारात आली की ती योजनेसाठीच आली असावी, असा समज होणे साहजिक आहे. संशोधकाने आपल्या प्रपत्रात 'पात्र विद्यार्थी' असा शब्दप्रयोग केला तर तो समज अधिकच दृढ होतो. पुढे काही मिळेल या आशेने केलेली स्वाक्षरी ही ज्ञानपूर्वक दिलेली संमती ठरत नाही.

म्हणून अशा मुलांना अभ्यासातून वगळावे काय? तसे करणेही न्याय्य नाही. केवळ सुस्थितीतील शहरी मुलांवर संशोधन झाले तर त्याचे निष्कर्ष बाभुळगावच्या मुलांना लागू पडतील याची खात्री देता येणार नाही. संरक्षण आणि सहभाग यांचा मेळ घालणे हेच निवड प्रक्रियेचे खरे कार्य आहे.

४. नैतिक व कायदेशीर चौकट

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती ही मानवी सहभागाच्या संशोधनाची पहिली अट ठरविली. १९६४ ची हेलसिंकी घोषणा आणि १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल यांनी ती चौकट विस्तृत केली. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१७ मध्ये मानवी सहभाग असलेल्या जैववैद्यकीय व आरोग्यविषयक संशोधनासाठी, तसेच बालकांवरील संशोधनासाठी स्वतंत्रपणे, राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

या तत्त्वांनुसार १८ वर्षांखालील मुलाच्या सहभागासाठी पालकांची वा कायदेशीर पालकत्व असलेल्या व्यक्तीची संमती आवश्यक असते. त्याखेरीज मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते. साधारणतः ७ ते १२ वर्षे वयोगटात ही अनुमती तोंडी व त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी घेतली जाते. संमती आणि अनुमती या एकमेकींना पर्याय नाहीत. पालक 'हो' म्हणाले आणि मूल 'नाही' म्हणाले तर संगीताच्या सत्रासारख्या अभ्यासात मुलाचा शब्द अंतिम मानला पाहिजे. मुख्याध्यापक वा शिक्षणाधिकारी यांची परवानगी ही तिसरी बाब होय. ती संशोधकास शाळेच्या आवारात प्रवेश मिळवून देते, मुलाच्या सहभागाचा अधिकार देत नाही.

दिव्यांग विद्यार्थी असतील तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ६ लागू होते. त्यानुसार सुलभ माध्यमातून माहिती देऊन घेतलेली मुक्त संमती, तसेच दिव्यांगविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. या समितीचे किमान निम्मे सदस्य दिव्यांग व्यक्ती वा संबंधित नोंदणीकृत संस्थांचे सदस्य असावे लागतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती मिळाल्यास ती संबंधित यंत्रणेस कळविणे बंधनकारक आहे. म्हणून 'तू जे सांगशील ते आम्ही कोणालाच सांगणार नाही' असे वचन कोणत्याही मुलाला देता येत नाही. गोपनीयतेची ही मर्यादा आरंभीच समजावून सांगितली पाहिजे.

अनेक ग्रामीण कला व वाणिज्य महाविद्यालयांत नैतिकता समिती नसते. आयसीएमआरची तत्त्वे अशा वेळी दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून प्रस्ताव तपासून घेण्याची मुभा देतात. महाविद्यालयाने स्वतःची समिती स्थापन करावयाची झाल्यास तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरील असावा आणि तिच्यात सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी असावा, अशी अपेक्षा आहे. मुलांची दोन गटांत विभागणी करून तुलना करावयाची असल्यास, २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदणी व्यवस्थेत अभ्यासाची आगाऊ नोंद करणे उचित ठरते.

५. एक बोधप्रद पूर्वानुभव

शाळेमार्फत निवड करताना काय घडू शकते याचे सर्वपरिचित भारतीय उदाहरण २००९-१० मधील आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित लसीचा एक प्रायोगिक प्रकल्प तत्कालीन आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींवर राबविण्यात आला. त्यात आदिवासी व वसतिगृहात राहणाऱ्या मुलींचा समावेश होता. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. प्रकल्पाच्या काळात झालेल्या सात मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसावा, असे मत चौकशीअंती व्यक्त झाले. परंतु संमतीच्या प्रक्रियेतील दोष उघड झाले. संसदीय स्थायी समितीच्या ऑगस्ट २०१३ मधील ७२ व्या अहवालानुसार आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठ्याचे ठसे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या स्वाक्षऱ्या होत्या.

लस आणि गाणे यांची जोखीम सारखी नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग तोच आहे. वरिष्ठ कार्यालयाचे पत्र मुख्याध्यापकांकडे येते, मुख्याध्यापक वर्गशिक्षकांना सांगतात, वर्गशिक्षक नावे देतात आणि मुले रांगेत उभी राहतात. या साखळीत कोणीही दुष्ट हेतूने वागत नाही. प्रत्येकजण आदेशाचे पालन करतो. तथापि साखळीच्या शेवटी असलेल्या मुलाला आपल्याला काही विचारले गेले आहे, हे कळतच नाही. जोखीम अल्प असल्यामुळे संगीताच्या अभ्यासात ही चूक अधिक सहजतेने घडते, कारण 'गाणेच तर म्हणावयाचे आहे' या विचाराने सर्वजण निर्धास्त असतात.

संगीतही सर्वस्वी निरुपद्रवी नसते. आपल्या भागात भजनी मंडळ जसे सप्ताहात गाते तसेच ते अंत्ययात्रेतही गाते. टाळ-मृदंगाचा जो नाद एका मुलाला आनंद देतो, तोच दुसऱ्याला वडिलांच्या अंत्ययात्रेची आठवण करून देऊ शकतो. गीतांशी धर्म, पंथ आणि जातसमूह यांची ओळखही निगडित असते. कोणती गाणी व वाद्ये वापरली जातील हे संमतीपूर्वी सांगणे आणि मुलांना निवडीची मुभा देणे म्हणूनच आवश्यक आहे.

६. बाभुळगावच्या संदर्भात निवडीची प्रक्रिया

(अ) वेळ : शैक्षणिक सत्र जूनच्या अखेरीस सुरू होते. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला वेग येतो. पालक दिवसभर शेतात असतात आणि मोठी मुलेही मदतीला जातात. त्यामुळे माहिती देण्याचे कार्य पेरणी आटोपल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये करणे सोयीचे ठरते. सभा सायंकाळी घ्यावी, जेणेकरून कोणाची मजुरी बुडणार नाही. वसतिगृहातील मुलांच्या पालकांना, ते मुलांना सोडावयास वा सणाला न्यावयास येतात तेव्हा, प्रत्यक्ष भेटता येते. अधीक्षकांची स्वाक्षरी पालकांच्या ऐवजी घेऊ नये.

(आ) प्रथम संपर्क : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. जेथे ही समिती आहे तेथे अभ्यासाची पहिली चर्चा तिच्यासमोर व्हावी. समितीची मान्यता वैयक्तिक संमतीची जागा घेत नाही, परंतु प्रश्न विचारणारी माणसे आरंभीच भेटतात.

(इ) शिक्षकाची भूमिका : शिक्षकांना विद्यार्थ्यांची परिस्थिती ठाऊक असते, म्हणून 'अडचणीतील मुलांची यादी द्या' असे त्यांना सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. घरची माहिती शिक्षकाला विश्वासाने मिळालेली असते. ती पालकांच्या अपरोक्ष संशोधकाकडे जाणे हा त्या विश्वासाचा भंग होय. शिक्षकाने केवळ पत्रक सर्व विद्यार्थ्यांच्या घरी पोहोचवावे आणि इच्छुक पालकांनी संशोधकाशी स्वतः संपर्क साधावा. चाळणी प्रश्नावली भरून घेणे हाही संशोधनाचाच भाग असल्याने तिच्यासाठीही आधी संमती हवी.

(ई) वर्गीकरणाचा कलंक : तीस मुलांच्या वर्गातून पाच मुलांना नाव घेऊन बाहेर बोलावले तर सायंकाळपर्यंत सर्व गावाला त्याचे कारण कळते. यावर व्यवहार्य उपाय असा की, संगीताची सत्रे संपूर्ण वर्गासाठी खुली ठेवावी आणि निरीक्षणे व प्रश्नावल्या केवळ संमती मिळालेल्या मुलांच्याच वापराव्या. ज्याच्या पालकांनी नकार दिला ते मूलही गाऊ शकेल, फक्त त्याची नोंद होणार नाही. सूचनाफलकावर वा सभेच्या पत्रात 'आत्महत्याग्रस्त कुटुंबातील विद्यार्थी' असा उल्लेख कदापि असू नये. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे असल्यास, शक्य तेथे वर्ग वा शाळा हा घटक धरावा आणि दुसऱ्या गटास पुढील सत्रात तोच उपक्रम मिळेल, असे आश्वासन देऊन ते पाळावे.

(उ) माहितीपत्रकाची भाषा : पत्रक सोप्या भाषेत असावे व ते मोठ्याने वाचून दाखवावे. त्याचा आशय पुढीलप्रमाणे ठेवता येईल : 'आम्ही महाविद्यालयात शिकवतो. गाण्याने मुलांच्या मनाला बरे वाटते का, हे आम्हांला पाहायचे आहे. उपयोग होईलच असे नाही. ही सरकारी योजना नाही. यातून पैसे, अनुदान किंवा सवलत मिळणार नाही. तुम्ही नाही म्हटले तरी मुलाच्या शाळेवर, गुणांवर, पोषण आहारावर किंवा शिष्यवृत्तीवर काहीही फरक पडणार नाही. हो म्हटल्यावरही केव्हाही थांबता येईल, कारण सांगावे लागणार नाही.' पालक निरक्षर असल्यास शाळेशी संबंध नसलेला साक्षीदार उपस्थित असावा. कोलामी, गोंडी वा बंजारा बोली बोलणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांच्याच समाजातील व्यक्तीचे साहाय्य घ्यावे. पत्रक दिल्यानंतर विचार करण्यास काही दिवस द्यावे, त्याच बैठकीत स्वाक्षरी घेऊ नये.

(ऊ) मुलाची अनुमती : मुलाला वर्गात सर्वांसमोर विचारल्यास तो हात वर करणारच, कारण 'सर विचारतात' म्हणजे 'सर सांगतात' असाच अर्थ त्याने आजवर अनुभवला आहे. म्हणून प्रत्येक मुलाशी शिक्षकांच्या अनुपस्थितीत, परंतु इतरांच्या दृष्टिपथात राहील अशा ठिकाणी बोलावे. त्याला अभ्यास काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावे. नकार शब्दांतच येतो असे नाही. सत्राच्या दिवशी गैरहजर राहणे, कोपऱ्यात बसणे, गाताना ओठ मिटून घेणे हीदेखील नकाराची रूपे आहेत. अनुमती प्रत्येक सत्राच्या आरंभी पुन्हा विचारणे योग्य होय.

(ए) मोबदला : प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देणे रास्त आहे. दप्तर, सायकल वा रोख रक्कम यांचे आमिष गरीब कुटुंबाला नकार देणे अशक्य करते. वाद्ये अभ्यासानंतर सर्व विद्यार्थ्यांसाठी शाळेलाच देणे हा अधिक समतोल मार्ग आहे.

(ऐ) आधाराची व्यवस्था : एकाही मुलाची निवड करण्यापूर्वी, एखादे मूल सत्रात कोसळून पडले तर काय करावयाचे, हे लेखी ठरलेले असावे. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविण्याची पूर्वव्यवस्था, १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही टेलिमानस सेवा यांची माहिती पालक व शिक्षकांजवळ असावी. दुःखाला वाट करून देणे आणि नंतर ते मूल तसेच सोडून जाणे यापेक्षा अभ्यास न केलेला बरा.

७. संभाव्य आक्षेप

या प्रक्रियेला वेळ अधिक लागतो आणि सहभागींची संख्या घटते, हा आक्षेप रास्त आहे. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची निकड असलेल्या प्राध्यापकास दोन महिने केवळ संमतीसाठी देणे जड वाटू शकते. दुसरी अडचण शास्त्रीय आहे. जी कुटुंबे नकार देतात ती कदाचित सर्वाधिक व्यथित असतील आणि त्यामुळे उरलेला नमुना प्रातिनिधिक राहणार नाही. यावर उपाय सक्ती हा नसून प्रांजळ नोंद हा आहे. किती कुटुंबांशी संपर्क साधला, किती जणांनी नकार दिला आणि कितींनी मध्येच सहभाग सोडला, हे आकडे निबंधात द्यावेत आणि निष्कर्ष त्या मर्यादेतच मांडावेत. शंभर टक्के होकार मिळाल्याचे सांगणारा शालेय अभ्यास वाचताना परीक्षकाने प्रथम संमतीच्या प्रक्रियेविषयीच विचारणा केली पाहिजे. दबावाखाली भरलेल्या प्रश्नावलीतील उत्तरे शास्त्राच्या दृष्टीनेही निरुपयोगी असतात, कारण आज्ञाधारक मूल अपेक्षित तेच उत्तर देते.

८. निष्कर्ष

१) शालेय विद्यार्थ्यांची असुरक्षितता परिस्थितीजन्य व बहुपदरी असून प्रत्येक पदरासाठी संरक्षणाचा वेगळा उपाय योजावा लागतो.

२) शाळेची परवानगी, पालकांची संमती आणि बालकाची अनुमती या तीन स्वतंत्र पायऱ्या आहेत. त्यांपैकी एकही दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

३) विदर्भातील संकटग्रस्त कुटुंबांत संशोधनाचा अर्ज शासकीय साहाय्याचा अर्ज समजला जाण्याचा धोका असून तो माहितीपत्रकातूनच दूर करावा लागतो.

४) संपूर्ण वर्गासाठी सत्रे आणि संमती दिलेल्यांपुरतीच नोंद ही पद्धत कलंक टाळण्यासाठी उपयुक्त आहे.

५) ग्रामीण महाविद्यालयांनी परस्पर सहकार्यातून नैतिकता समितीची सोय करून घेणे ही अशा संशोधनाची पूर्वअट मानावी.

बाभुळगावच्या एखाद्या शाळेत उद्या असा अभ्यास झाला, तर त्यातील मुलांना संगीताचा किती लाभ होईल हे आज सांगता येत नाही. परंतु मोठ्या माणसांनी आपल्याला विचारले, आपले 'नाही' ऐकून घेतले आणि त्याबद्दल कोणी रागावले नाही, हा अनुभव मात्र प्रत्येक मुलाला निश्चितपणे देता येण्यासारखा आहे.